टाचण्या धरलेले ओठ

१

होतं एक शहर. फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. जिथे माणसांची तोंडं ओळखीची असतात आणि नावं मात्र आठवावी लागतात, एवढं. त्या शहरात एका दुमजली घरात दोन बहिणी राहत होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटीला एक लेक होती. ती बोलायला लागली ती थांबलीच नाही, म्हणून तिला सगळे टिटवी म्हणायचे. टिटवीचा बाप परदेशी नोकरीला गेला आणि तिकडचाच झाला, तेव्हा घरात या तिघीच.

धाकटी डॉक्टर. खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना. पण ताप-खोकल्याचं तिथे कुणी येत नसे. यायच्या त्या आरशाशी भांडण झालेल्या बाया. कुणाचे गाल बसलेले, कुणाच्या नाकापासून तोंडापर्यंत रेघा उतरलेल्या, आणि बहुतेकींचे ओठ वयानं आत ओढले गेलेले. धाकटी बारीक सुईनं त्यात औषध भरायची. फिलर म्हणतात त्याला. पाण्यात टाकलेली मनुका फुगावी तसा ओठ टच्च व्हायचा. वर्षभर राहायचा, मग औषध आपोआप जिरायचं, की बाई परत दारात हजर.

थोरली बहिरी. लहानपणी मोठा ताप आला आणि जाताना कान घेऊन गेला. बोलणं शाबूत राहिलं, नुसतं सपाट झालं, इस्त्री फिरवल्यासारखं. ती ओठ वाचायची. आणि कसली वाचायची! रस्त्यापलीकडे दोन माणसं भांडत असली तर ही खिडकीत उभी राहून शिव्यांसकट सगळं भांडण घरात सांगायची.

दवाखान्यात थोरलीकडे काम होतं बर्फाचं. सुया टोचून झाल्या की बाईला शेजारच्या खोलीत आरामखुर्चीवर बसवायचं, पातळ कापडात बर्फ गुंडाळून ओठांवर धरायचा, आणि बघत राहायचं. सूज किती चढते, कुठे ओठ पांढरा तर पडत नाही ना. पडला तर लगेच धाकटीला हाक. "आमची ताई ओठांवरून डोळा काढत नाही," धाकटी बायांना सांगायची, "काढला तर तिच्या लेखी तुम्ही मुक्या."

हे डोळ्यांचं शिक्षण आईनं दिलेलं. आई कपडे शिवायची. तोंडात सदा टाचण्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्यांची रांग धरायची आणि उरलेल्या उजव्या तोंडानं बोलायची. त्या अर्ध्या तोंडावरून थोरली वाचायला शिकली. शिकवायची रीत एकच. आई हनुवटी धरायची, पोरीचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि म्हणायची, "माझ्याकडे बघ, ठकी." ठकी म्हणजे चिंध्यांची बाहुली. उरल्यासुरल्या तुकड्यांच्या आई त्या करायची, आणि थोरलीला त्याच नावानं हाक मारायची.

एकदा थोरली जिन्याच्या काठाशी पाठमोरी खेळत होती. पाऊल मागे मागे चाललेलं. आईनं बघितलं आणि टाचण्या तोंडात असतानाच ओरडली. बहिऱ्या पोरीला हाक! पोरगी कशाला वळते? आईनं धावत जाऊन तिला धरली खरी, पण तोवर टाचणीनं आईचा वरचा ओठ फाडला होता. डाव्या बाजूला बारीकशी खाच पडली ती जन्माची. पुढे आई हसायची तेव्हा ती खाच आधी हसायची.

आई गेली ती इस्पितळात, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क घेऊन. आत ओठ हलत होते. मास्क वाफेनं पांढरा व्हायचा, निवळायचा, परत पांढरा व्हायचा. थोरलीला एक अक्षर दिसलं नाही. धाकटी मात्र उशाशी वाकली होती, कान मास्कला टेकवून. हात गार पडला तेव्हा थोरलीनं विचारलं, "काय म्हणाली गं?"

"काही नाही गं ताई," धाकटी म्हणाली. "नुसता श्वास."

२

त्याला बरीच वर्षं झाली. एका दुपारी बँकेतली बाई आली. काउंटरच्या काचेमागे बसून सगळ्या शहराला रांगेत उभं करणारी, मोठी करारी. ओठ भरून घेताना मात्र लहान मुलीसारखी घाबरली होती.

"नवरा म्हणतो, तुझं तोंड आधीच काय कमी मोठं आहे!" आरामखुर्चीत बसता बसता ती थोरलीला म्हणाली. बधिर करायच्या मलमानं तिचे शब्द सांडत होते. थोरली हसली. कापडात बर्फ बांधला, दोन्ही ओठांवर हलकेच धरला, काढला, बघितलं. काम छान झालं होतं. बाईनं डोळे मिटून मान मागे टेकली.

खोलीत पंखा फिरत होता. पडद्याची सावली भिंतीवर हलत होती. थोरली कापड पिळायला वळली आणि परत बघते तर बाईचे ओठ डाव्या कोपऱ्यात मुडपलेले. घट्ट. उजवी बाजू मोकळी. काहीतरी बारीक, टोकदार, तोंडात जपून धरल्यासारखे.

सूज असेल, थोरलीनं मनाशी म्हटलं. एका बाजूला जरा जास्त.

मग ती मोकळी बाजू हलली. ओठ मिटले, उघडले. "बघ."

"काय बघू?" थोरलीनं विचारलं.

बाईनं डोळे उघडले. मुडपलेला कोपरा सैल पडला. "अं? मी कुठे काय बोलले? मला तर ओठ जागेवर आहेत का तेसुद्धा कळत नाहीये."

थोरलीनं तिला गार पाणी दिलं, कोपऱ्यावर परत बर्फ धरला, दारापर्यंत पोचवलं. मग रिकाम्या खोलीत येऊन बसली आणि स्वतःशी वाद घालू लागली. बधिर मांस फडफडतं. डोळ्याची पापणी नाही का फडफडत? आणि ब काय, म काय, प काय, ओठांवर सगळं एकच; मिटले नि उघडले की झालं. तसं म्हटलं तर हौदातला मासाही दिवसभर बाबा-बाबा करत असतो.

हे सगळं पटलं तिला. पण कापड वाळत घालताना आपला हात आपल्याच हनुवटीवर गेला आहे, हे तिच्या लक्षात आलं. हनुवटी कुणीतरी नुकतीच धरून सोडल्यासारखी गार लागत होती. बर्फाचाच हात तो. गारच असणार.

३

मग ते थांबेना. शाळेतल्या बाईंनी केलं. घरं विकून देणारीनं केलं. गाण्याच्या क्लासवालीनं केलं, ती तर एरवी ओठ एवढे उघडे टाकून बसायची की माशी आत जाऊन गाणं शिकून यावी. तिचेही मिटले. डाव्या कोपऱ्यात मुडपले, आणि उजव्या बाजूनं तोच एक शब्द.

बोलताना नाही, हं. बोलत असताना तोंड ज्याचं त्याचं असायचं. त्या गप्प बसल्या, दुसऱ्याचं ऐकू लागल्या, कुठे टक लावून बसल्या, की मग. जसं घरातली माणसं बाहेर गेल्यावर कुणी हळूच दार उघडून आत यावं.

थोरली दवाखान्याबाहेरही बघू लागली. भाजीच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, जिथे जिथे धाकटीच्या हातचे ओठ दिसत तिथे तिची मान वळायची. मग मुद्दाम खाली बघून चालायची. पण बहिऱ्या माणसानं खाली बघून किती चालावं? मागून गाडी आली तर कळायचं कसं?

टिटवीचं लग्न ठरलं होतं. मुलगा चांगला, चष्मे बनवणारा, बोलायला कमी. "बरं झालं," थोरली म्हणाली होती, "दोघांतलं एक तरी जेवेल." मावशी-भाची खरेदीला गेल्या. कपड्यांचं मोठं दुकान, मजले चढायला लिफ्ट, लिफ्टच्या मागच्या भिंतीला आरसा. टिटवी आत शिरल्यापासून कापडाच्या रंगावर बोलत होती. त्यांच्यामागून तीन बायका शिरल्या आणि दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. थोरलीनं त्यांना ओळखलं. तिघींच्या ओठांवर तिनंच बर्फ धरला होता.

दार बंद झालं. त्याच्या चकचकीत पत्र्यात तिघींची तोंडं दिसत होती, जरा लांबट, जरा अंधुक. तिघींचे ओठ एकाच वेळी डावीकडे मुडपले.

पहिली म्हणाली, "माझ्याकडे."

दुसरी म्हणाली, "बघ."

तिसरीचे ओठ मिटून राहिले. पुढचा शब्द तोंडात तयार ठेवून, वेळ येण्याची वाट बघितल्यासारखे. थोरलीनं टिटवीचा दंड इतका आवळला की तिचं बोलणं तुटलं. लिफ्ट थांबली. दार सरकलं, तोंडं सरकली, आणि तिघी बाया पिशव्या सावरत बाहेर पडल्या, हसत, एकमेकींना पुढे व्हा पुढे व्हा करत.

"काय झालं मावशी?"

"त्या काही बोलत होत्या का गं?"

"छे! तिघी गप्प. आणि मी बोलत असताना कोण बोलणार?"

४

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आत थोरली धाकटीला हाताला धरून भिंतीपुढे घेऊन गेली. त्या भिंतीवर बायांचे फोटो होते, सुईच्या आधीचे एका ओळीत, नंतरचे त्याखाली. थोरलीनं दोन टॉवेल घेतले. एकानं फोटोंची नाकं-डोळे झाकले, दुसऱ्यानं हनुवट्या. मधल्या फटीत नुसती तोंडं राहिली, आधी वरच्या ओळीतली, मग टॉवेल सरकवून खालच्या.

"वरच्या ओळीत बघ. सगळे ओठ वेगवेगळे. आता खालच्या ओळीत बघ."

धाकटीनं बघितलं. खालच्या ओळीत एकच तोंड होतं, परत परत.

"हाताची सवय असते ताई," ती म्हणाली. "माणसागणिक अक्षर वेगळं, तसा डॉक्टरागणिक ओठ वेगळा. आमच्यातले लोक रस्त्यात बघून सांगतात, हे कुणाच्या हातचं."

"हे तुझ्या हातचं नाही. हे आईचं तोंड आहे."

"काहीतरीच! मला तर आईचं तोंड धड आठवतही नाही."

"तुला नाही आठवत. तुझ्या बोटांना आठवतं. आणि ही खाच?" थोरलीनं एकेका फोटोवर बोट टेकवलं. वर, डावीकडे. प्रत्येकीच्या ओठाला तिथे बारीकसा खड्डा होता.

"तिथे शीर असते. मी जपून भरते, म्हणून जरा उणं राहतं." हे सांगताना धाकटीचा अंगठा स्वतःच्या ओठावर, त्याच जागी घासत होता.

मग थोरलीनं उरलेलं सांगितलं. बँकेतली, शाळेतली, लिफ्टमधल्या तिघी. त्या बोलतात म्हणून. दुसरं कुणी असतं तर हसलं असतं, नाहीतर कपाळाला हात लावून ताप बघितला असता. धाकटीनं दोन्ही केलं नाही. तिनं पटकन विचारलं, "काय म्हणतात?"

"माझ्याकडे बघ, म्हणतात."

धाकटीचे खांदे खाली आले. "एवढंच?"

थोरली तिच्याकडे बघत राहिली. धाकटीनं टॉवेलांच्या घड्या घातल्या, एक परत मोडली, परत घातली. "तू दमली आहेस ताई. बधिर ओठ थरथरतात, तू त्यातून शब्द काढतेस. काही दिवस सुट्टी घे."

तेवढ्यात टिटवी जिन्यावरून उतरली, हातात चहाचा कप. "मम्मी, माझं कधी करतेस? लग्नाच्या आधी सूज उतरायला हवी. माझं तोंड म्हणजे पाकिटाची चीर आहे नुसती."

टिटवीचे ओठ बापावर गेलेले, पातळ, चपळ. त्यांच्यावर थोरलीचा जीव होता. टिटवी पाळण्यात असल्यापासून थोरलीनं ते वाचले होते. दोघींचा एक खेळ होता. जेवताना, पाहुण्यांत, धाकटी रागावलेली असताना, टिटवी आवाज न काढता नुसत्या ओठांनी मावशीशी बोलायची आणि मावशी खोकल्याच्या नावाखाली हसायची. जगातल्या सगळ्या तोंडांशी थोरलीला झगडावं लागायचं. मिशा आड यायच्या, लोक मान वळवायचे, हात तोंडापुढे धरायचे. या एका तोंडाशी मात्र तिला कधी डोळे ताणावे लागले नाहीत.

"तुझं नाही करायचं," थोरली म्हणाली. सपाट आवाज थोडा वर गेला.

"अगदी थोडंसं, मावशी. तुला कळणारसुद्धा नाही."

"मला कळलं नाही तर मी बोलायचं कुणाशी?"

टिटवी हसली. तिला वाटलं मावशी लग्नानं हळवी झाली आहे.

५

रविवारी धाकटीनं थोरलीला पडद्याचं कापड आणायला पाठवलं. हाच रंग हवा, तोच पोत हवा, नाही मिळालं तर दुसऱ्या दुकानात बघ. थोरली हिंडून हिंडून दमली. परत आली तेव्हा मायलेकी टेबलाशी ताटं मांडत होत्या आणि टिटवीनं तोंडापुढे रुमाल धरला होता.

"रागवू नकोस हं," रुमालामागून टिटवी म्हणाली असावी. रुमाल तेवढा हलला.

मग तिनं तो खाली घेतला.

चांगले दिसत होते. खोटं कशाला सांगा, पोरगी फुलून आली होती. सूज असूनही कडा रेखीव. वर डावीकडे बारीकशी खाच.

थोरली ताटावर बसली आणि ताटाकडेच बघत जेवू लागली. समोर टेबलावर टकटक झालं. कंप हाताला कळला. टिटवी बोलावत होती. थोरलीनं मान वर केली नाही. परत टकटक. पोरगी रडवेली झाली असेल, असं मनात आलं, आणि मग कशी न बघणार?

टिटवी आवाज न काढता ओठांनी बोलत होती, जुन्या खेळातलं. "मम्मीचा चेहरा बघ. भाजीत मीठ विसरली आहे आणि कबूल करत नाही." शब्द जाड झाले होते, अडखळत होते, पण टिटवीचेच होते. थोरलीच्या घशातून हसू निघालं. टिटवीचे डोळे चमकले. ती बोलायची थांबली आणि तिनं घास उचलला.

ओठ थांबले नाहीत.

ते डावीकडे मुडपले. टिटवी धाकटीकडे वळून बघत होती, तिचं काहीतरी ऐकत होती, घास हातात तसाच. आणि उजवी बाजू हळूहळू, स्वच्छ, बहिऱ्या पोरीला शिकवावं तशी हलली.

"माझ्याकडे बघ, ठकी."

टिटवीला ते नाव माहीत नव्हतं. घरात ते कुणी उच्चारतच नव्हतं. थोरली उठली, ताट तसंच टाकून खोलीत गेली आणि दाराला कडी घातली. दारावर कुणी थापा मारल्या असतील तर त्या तिला ऐकू आल्या नाहीत.

६

त्यानंतर थोरली टिटवीकडे बघेना. पुढ्यात आली की खिडकीकडे तोंड करायची. टिटवीनं हनुवटी धरून तिचं तोंड आपल्याकडे वळवलं, तर थोरली अशी दचकली की हातातली बशी फुटली.

बडबडी पोरगी ती. चार दिवसांत सुकली. शेवटी एका सकाळी ती धाकटीला म्हणाली, "मम्मी, ते विरघळवायचं इंजेक्शन असतं ना? दे मला."

"वेडी आहेस का? एवढे छान झालेत!"

"मावशी बघत नाही माझ्याकडे. जिनं मला पहिल्यापासून बघितलं ती बघत नसेल तर मला हे ओठ करायचेत काय?"

धाकटीनं कपाट उघडलं. बाटली काढली, सुई भरली. टिटवीनं आरामखुर्चीतून थोरलीचा पदर ओढला आणि बर्फ दाखवला. तुझं काम कर, म्हणून. थोरलीनं कापड बांधलं आणि शेजारी बसली.

सुया झाल्या. टिटवीनं डोळे मिटले. धाकटी हात धुवायच्या निमित्तानं बेसिनकडे गेली आणि पाठ करून उभी राहिली. नळ सोडलेला, हात मात्र कोरडे. औषध आतून विरू लागलं. भरलेला ओठ हळूहळू सैल पडायला लागला, उशीतला कापूस काढून घ्यावा तसा.

आणि मग ते तोंड घाईला आलं.

ओठ भराभर हलू लागले. मुडपलेला कोपरा सुटला. जणू टाचण्या एकदाच्या थुंकून टाकल्या. आता सगळं तोंड बोलत होतं. थोरलीला कळलं. जे वाफेआड राहिलं होतं ते आता सांगायचं होतं, आणि वेळ पुन्हा थोडाच होता. नुसतं बघायचं होतं. इतकी वर्षं तिनं दुसरं मागितलं तरी काय होतं?

"ठकी," ते तोंड म्हणालं, "तुला मी..."

खाली टिटवीचा गळा दिसत होता. गळ्यावरची शीर हलत होती. पोरगी विश्वासानं पडली होती, जागी होती, तिला काहीच कळत नव्हतं. हे बघितलं, एकदा पुरतं वाचलं, की मग या पोरीचं तोंड कधी हिचं होणार नाही. बोलेल तेव्हा मला वाटेल दुसरंच कुणी बोलतं आहे. जन्मभर.

थोरलीनं बर्फाचं कापड त्या तोंडावर ठेवलं आणि वरून तळहात दाबला. नाक मोकळं ठेवून, हलक्यानं, पण सोडलं नाही. कापडातून गार वाफ वर येत होती, विरत होती, परत येत होती. तळहाताखाली ओठ हलत राहिले. मिटले, उघडले. मिटले, उघडले. हाताला वाचता येत नाही, याबद्दल थोरलीनं मनोमन आभार मानले, कुणाचे ते तिलाही माहीत नव्हतं.

मग हळू झाले. मग थांबले.

कापड काढलं तेव्हा खाली पातळ, लालसर, ओळखीची चीर होती. टिटवीनं एक डोळा उघडला आणि आवाज न काढता म्हणाली, "गुदमरवतेस का गं मला?" आणि मावशी तिच्या तोंडाकडे टक लावून बघते आहे हे बघून ती हसली, आणि हसता हसता रडली.

७

धाकटीनं त्या दिवसापासून ओठांची सुई खाली ठेवली. जुने व्रण, भाजल्याचे डाग, तेवढंच बघायची. शहरातले ओठ वर्षभरात एकेक करून उतरले आणि ज्याचं तोंड त्याच्याकडे परत गेलं. बँकेतली बाई तेवढी दोनदा येऊन भांडून गेली.

टिटवीचं लग्न पातळ ओठांनीच थाटात झालं. चष्मेवाला जावई याच घरात राहायला आला, वरच्या मजल्यावर. सगळं होतं, एक मूल नव्हतं. वर्षं गेली. टिटवीचं बोलणंसुद्धा कमी झालं, इतकं की जावई एकदा घाबरून थोरलीला म्हणाला, "मावशी, ही गप्प बसली की मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं." डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आशा सोडायचीही वेळ आली. आणि मग, कुणी वाट बघत नसताना, टिटवीला दिवस गेले.

मुलगी झाली. गुटगुटीत, शांत. घरी आणली त्या दुपारी खोली माणसांनी भरली होती. ऊन खिडकीतून आत आलं होतं. धाकटीनं नातीला घेतलं, कपडा बाजूला केला.

"माझ्या आईचे ओठ घेतलेत हिनं," ती म्हणाली. घरच्या रक्तात असतं ते, कुठेतरी वर येणारच. त्यात काय. पण वर, डावीकडे, बारीकशी खाच होती. टाचणीनं फाटल्याची खाच काही रक्तातून येत नाही, हे डॉक्टर असलेल्या बाईला सांगायला नको.

"जन्मखूण असेल," धाकटी म्हणाली. तिनं बाळ थोरलीच्या मांडीवर ठेवलं आणि चहा टाकायला गेली. दारापलीकडच्या ओट्याशी, खोलीकडे पाठ करून उभी राहिली.

बाळ झोपेत होतं. थोरलीनं त्याच्याकडे बघितलं नाही, मग बघितलं. कोवळे ओठ डावीकडे मुडपले. सैल झाले. आणि अगदी सावकाश, घाई कसलीच नसल्यासारखे, आता भरपूर वेळ आहे हे ठाऊक असल्यासारखे, ते हलू लागले.

थोरलीच्या खांद्यावर बाळाचं दुपटं होतं. हात तिथवर गेला. मग परत खाली आला. एवढ्याशा जिवाच्या तोंडावर कापड कोण ठेवणार?

तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

समोरच्या पलंगावरून टिटवी बघत होती. दमलेली, भरल्या डोळ्यांची. ती आवाज न काढता, आपल्या पातळ ओठांनी, जुन्या खेळातलं म्हणाली, "काय म्हणतेय गं ती?"

थोरलीनं ओट्याकडे बघितलं. धाकटी वळली होती. तिच्या हातात कप होता आणि नजर बहिणीच्या तोंडावर होती, मास्कपाशी वाकली होती तेव्हासारखीच. दोघी बहिणींनी एकमेकींकडे पुरतं बघितलं.

"काही नाही गं," थोरली म्हणाली. "नुसता श्वास."

टिटवी हसली. जावयानं बाळाचा पाय हातात घेतला. असे त्या घराचे पांग फिटले. उशिरा आलं, पण भाग्य आलं. मुलगी वाढते आहे, निरोगी आहे, रडत तर कधीच नाही. थोरली दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसलेली असते आणि तिच्या तोंडावरून डोळा काढत नाही. येणारेजाणारे म्हणतात, आजीच्या जोडीला अशी मावशीआजी मिळायला नशीब लागतं. खरंच आहे ते. घर भरलं आहे, आणि आता त्या घरात कुणाचं काही सांगायचं राहिलेलं नाही.